डीपीतला डॉक्टर

इंटरनेटचा शोध कुणी का लावलेला असेना, ते माणसांसाठी असतं हे कळलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो लातुरात पत्र्याच्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर पडलेला असायचा. मी त्याला पार्टनर म्हणायचो. तोही मला पार्टनरच म्हणायचा. लातुरात एका खोलीत राहणाऱ्या पोरांना दुसरं नाव लागत नाही. मी नायगावचा, 'नीट'च्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या, नादानं लातूरला गेलेला आणि वर्षभरात हात टेकून नांदेडला बीएस्सीला येऊन पडलेला; तो मात्र लातुरात मुरलेला गडी. मी गेलो तेव्हा त्याची परीक्षेची तिसरी खेप चालू होती. क्लासमध्ये अशांना रिपीटर म्हणतात, त्यांची बॅच वेगळी बसवतात, आणि शिपाईसुद्धा त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलतो, घरात कुणी गेल्यासारखं. पण मोबाइल हातात आला की हाच माणूस राजा व्हायचा. अकरावी-बारावीच्या पोरांसाठी त्यानं अभ्यासाचा एक ग्रुप काढला होता, आणि उदगीरपासून मुखेडपर्यंतची हजारो पोरं त्यात होती. शेतकरी उठल्या उठल्या बांधावरून चक्कर मारून येतो, तसा हा तोंड धुवायच्या आधी ग्रुपवरून चक्कर मारून यायचा. कुणाचा प्रश्न तसाच पडलेला दिसला की दात घासायचं राहिलं बाजूला.

मेसमध्ये त्याचं जेवण कधी गरम गेलं नाही. उजव्या हातात पोळी, डाव्या हातात फोन, आणि तोंडानं कुठल्या तरी देगलूरच्या पोरीला पेशी कशी दुभंगते ते सांगणं चालू. समजावायला तो ताटातल्याच पोळीचे दोन तुकडे करायचा, त्यांचे चार करायचा, आणि व्हॉइस मेसेज पाठवून झाला की समोर झालेला तो चुरा पाहून म्हणायचा, "भाजी संपली का हो, काकू?" मेसवाल्या काकू करवादायच्या, "अरे, लोकाला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आधी स्वतःचं बघ की." तो हसायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचा. लष्कराच्या भाकरी भाजणारी माणसं मी बरीच पाहिली, पण भाजताना एवढा खूश असलेला हाच.

ग्रुपवर त्याची शिस्त मोठी कडक. फुलांची गुड मॉर्निंग चित्रं बंद. 'हा मेसेज दहा जणांना पाठवा' छापाचं काही आलं तर पाठवणाऱ्याला शिक्षा: हृदयाची आकृती हातानं काढून, नावं देऊन, तिचा फोटो टाकायचा. पोरं एवढी बिलंदर की मुद्दाम फुलं पाठवायची, कारण काढलेल्या प्रत्येक आकृतीवर तो स्वतः दोन ओळी लिहायचा आणि त्या ओळींचं त्यांना अप्रूप होतं. खोलीत "लई डोकं उठलंय बग" म्हणणारा माणूस तिथं मात्र 'विद्यार्थी मित्रांनो' अशी सुरुवात करायचा. एकदा मी खो खो हसलो तर चिडला. "तिथं लोकं वाचून राहिलेत. जबान साफ पायजे का नको?"

त्याच्या भीतीचंही सांगितलं पाहिजे. त्र्याण्णवच्या सप्टेंबरातला तो मोठा भूकंप त्याच्या जन्माच्या आधी होऊन गेलेला, पण त्यांच्या घरात तो अजून मुक्कामाला होता. त्याचं गाव म्हणजे नवं गाव. जुनं मातीत गेलं. त्याच्या वडलांना, आबांना, दगडांखालून काढलं होतं, आणि तंबूत कुणा अनोळखी डॉक्टरनं त्यांचा पाय वाचवला. पाय आखडला तो आखडलाच, पण आबांनी तेव्हाच मनाशी ठरवलं की आपल्या घरात एक डॉक्टर झाला पाहिजे. पोरगा पुढे कितीतरी वर्षांनी झाला, त्याचं काम मात्र आधीच ठरलं होतं. हा खोलीतल्या वरच्या फळीवर काही ठेवू द्यायचा नाही, खाट दाराशी, चपला पायाला लागतील अशा. रस्त्यावरून मोठा ट्रक गेला की चार्जरसकट बाहेर. सप्टेंबर आला की फोनवर कुठून तरी 'आज भूकंप होणार, सर्वांनी बाहेर थांबा' असे निरोप फिरायचे, आणि एका संध्याकाळी तर आमची अख्खी गल्ली चटया घेऊन रस्त्यावर येऊन बसली. हा प्रत्येकापुढे जाऊन तावातावानं सांगत होता, "भूकंपाची येळ कुणालाच सांगता येत न्हाई, खामखा भिऊ नका, घरात जा." सगळी गेली. शेवटपर्यंत बाहेर बसलेला एकटा तोच.

आता डॉक्टरचं कसं झालं ते सांगतो. लातुरात डॉक्टर व्हायला कॉलेज लागत नाही, क्लासची पावती पुरते. भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे आम्हा पोरांना 'काय डॉक्टर' म्हणूनच हाक मारतात. प्रेमानं मारतात, शकुन म्हणून मारतात. आणि क्लासला नाव घातलं की त्याच दिवशी पोरगं फोनच्या डीपीला स्टेथोस्कोप लावतं, हाही तिथला रिवाजच. मीही लावला होता. यानंही लावला होता, तो तीन वर्षं उतरला नव्हता. लातूरच्या बाहेरच्या पोरांना हा रिवाज कुठला माहीत असणार? एवढं येतंय, डीपीला स्टेथोस्कोप आहे, मेसमधल्या काकूंचा 'डॉक्टर, ताक घ्या' असा आवाजही मेसेजमध्ये येतोय, म्हणजे हा डॉक्टरच, असं त्यांनी धरून टाकलं. ग्रुपवर तो 'डॉक्टर सर' झाला. मी म्हटलं, अरे, सांगून टाक. तर म्हणे, "मी कुठं म्हणलो डॉक्टर हाय म्हणून? त्यान्ला वाटून राहिलंय, वाटू दे. त्या नावानं पोरं अभ्यास करून राहिलीत." मग भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "पार्टनर, सगळं येतंय रे मला. पण पेपर हातात पडला की तिथं कुणी विचारलेलं नसतंय. नुसतं छापलेलं असतंय." ज्याला माणूस विचारतो तेव्हाच उत्तर सुचतं, तो ती परीक्षा कशी पास करणार?

उन्हाळ्याच्या तोंडाला, दुपारी मेसमध्ये आम्ही जेवत असताना मुखेडकडचं एक जोडपं दारात येऊन उभं राहिलं. बरोबर बारावीतली मुलगी. ती ग्रुपवरची, आमच्याच मेसमधल्या कुणा पोरानं तिला पत्ता दिलेला. बाप पांढऱ्या टोपीतला, म्हातारा दिसणारा, बाई खुर्चीवर बसतानासुद्धा धापा टाकत होती. मुलीनं बोट दाखवलं तसा बाप याच्यापुढं वाकला. याच्या हाताला आमटी लागलेली. "डॉक्टरसाहेब, पोरगी म्हणली तुमच्यासारखं समजावून कुणी सांगत न्हाई. हिच्या छातीत हाय काहीतरी. ऑपरेशन करा म्हणून राहिलेत. आमचं काळीज होईना. तुम्ही म्हणाल तसं करतो." आणि त्यानं एक्स-रेचं पाकीट ताटाशेजारी ठेवलं.

मेसमध्ये सगळ्यांचे घास थांबले. यानं हात धुतला, पुसला, एक्स-रे खिडकीशी धरला आणि लगेच खाली घेतला. "काका, मी डॉक्टर न्हाई. मी अजून परीक्षाच देऊन राहिलोय. नापास हाव मी." म्हातारा हसला. "मोठी माणसं अशीच बोलत्यात, साहेब." यानं पुन्हा सांगितलं. मुलगीही हसली, कौतुकानं. मी सांगितलं, काकूंनी सांगितलं, तरी त्यांना वाटलं आम्ही सगळे मिळून त्याच्या विनयाला साथ देतोय. शेवटी तो त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मी मागून गेलो. दुपारभर तो त्या बाईला धरून या खोलीतून त्या खोलीत. तिथल्या खऱ्या डॉक्टरबाईंनी नीट तपासलं, ऑपरेशन लागेल, उशीर नको, असं शांतपणे सांगितलं. म्हाताऱ्यानं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मान वळवून याला विचारलं, "काय करावं, साहेब?" डॉक्टरबाई बघतच राहिल्या. यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा त्या धापा टाकणाऱ्या बाईकडं. आणि तो म्हणाला, "करा."

खोलीवर आल्यावर तो चपलाही न काढता खाटेवर बसला. "करा म्हणलो रे मी. मला काय हक्क? उद्या ती बाई गेली तर?" भूकंपाला भिणारा माणूस मी रोज पाहत होतो, ही भीती वेगळी होती. त्यानं फोन उघडला आणि ग्रुपवर सगळं लिहिलं. मी डॉक्टर नाही, कधी नव्हतो, दोनदा नापास झालो, तिसऱ्यांदाही होईन, माझ्या सांगण्यावर कुणी आपल्या माणसाच्या जिवाचा निर्णय घेऊ नका. एकही शब्द सजवलेला नव्हता. मला वाटलं, आता पोरं तुटून पडणार, शिव्या देणार. तो शिव्या खायच्या तयारीनंच बसला होता. पण आल्या त्या जोडलेल्या हातांच्या खुणा, आगीच्या खुणा, हृदयं. 'सर किती साधे आहात.' 'सर, तुम्ही आमची परीक्षा घेऊन राहिलात ना?' 'काय मोटिवेशन दिलं सर.' कुणीतरी त्याचा मजकूर कापून उगवत्या सूर्याच्या चित्रावर छापला आणि तो दुसऱ्याच एका ग्रुपवरून फिरत फिरत माझ्याकडं परत आला. पुढं त्या बाईचं ऑपरेशन चांगलं झालं. मुलीनं आईचा फोटो टाकून लिहिलं, 'डॉक्टर सरांमुळे आई वाचली.' त्या दिवशी तो जेवला नाही.

इंटरनेटवर लोक खोटं बोलतात म्हणून सगळे ओरडतात. मला तर त्याहून वाईट वाटतं ते हे, की तिथं एकदा तुमचा पुतळा बसला की मग तुम्ही खाली उभं राहून, अरे मी इथं आहे, मी इथं आहे, असं बोंबललात तरी लोक पुतळ्यालाच हार घालतात. हजारो पोरं त्याच्यावर जीव टाकत होती आणि त्यांतल्या एकालाही तो खरा कोण ते ऐकायला नको होतं. मला राग यायचा. अजून येतो.

निकाल लागला. त्याचा होता तसाच होता, माझा त्याहून वाईट. त्यानं ग्रुप दुसऱ्या एका पोराच्या ताब्यात दिला आणि बाहेर पडला. मग माझ्यासमोरच आबांना फोन लावला. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाला, "आबा, मी डॉक्टर होणार न्हाई." पलीकडून आबांचा आवाज आला, "बरं. कधी येतूस?"

ग्रुप अजून चालू आहे. नवीन पोरं विचारतात, डॉक्टर सर कुठं असतात? कुणी सांगतं मुंबईला, कुणी सांगतं परदेशात. मी एकदा खरं लिहिलं, तर मला ग्रुपमधून काढून टाकलं; आता तिथलं जे कळतं ते मेसमधल्या पोरांकडून. नांदेडच्या कॉलेजात माझ्याही फोनमध्ये आता नाही नाही ते ग्रुप झालेत, दिवसभर टिणटिण चालू असते, पण कधी काही अडलं तर कुणाला विचारावं ते सुचत नाही.

दिवाळीनंतर मी त्याच्या गावी गेलो. सरळ रेघेतले रस्ते, एकसारखी घरं. कुठलं त्याचं ते कळेना. चौकात काही माणसं बसली होती. सवयीनं विचारलं, "इथले डॉक्टर, म्हणजे लातूरला शिकायला होते ते, कुठं राहतात?" त्यातला एक जण म्हणाला, "डॉक्टर-बिक्टर म्हणू नका, पाव्हणं. पोरगं आलं त्याच दिशी आबा पाय ओढत घरोघर फिरले. म्हणले, माझं पोरगं परत आलंय, आता त्याला कुणी डॉक्टर म्हणून हाक मारायची न्हाई, नावानं हाक मारा." आणि त्यानं मागं वळून सोयाबीनच्या पोत्यांकडं बघत मोठ्यानं हाक मारली, "विठ्ठल्या, ए विठ्ठल्या, कोण आलंय बग तुझ्याकडं!" पोत्यांमागून, अंगावर भुसा घेऊन, माझा पार्टनर "आलो, आलो" म्हणत बाहेर आला.