आधी विहिरीत पाणी बघा

दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेल्या कॉम्प्युटरांची रास लागते, तशी किश्शांचीही लागते. कॉम्प्युटर निदान गिऱ्हाईक परत नेतं, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात! क्रांती चौकाजवळच्या आमच्या दुकानातले बहुतेक किस्से कचरूभाऊंचे. भाऊ देवगाव रंगारीचे. तिकडं ते विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. दुष्काळात आसपासच्या विहिरी आटल्या, मोटारींचं काम थांबलं, तसे ते शहरात आले आणि कॉम्प्युटर उघडायला लागले. मी रीतसर कोर्स केलेला माणूस, पण खरं शिकलो ते त्यांच्याकडं.

मशीन सुरू होत नसलं की त्यांचं एकच पालुपद, "आधी विहिरीत पाणी हाय का बघा." म्हणजे डिस्क दिसते का, आत डेटा आहे का, ते आधी पाहायचं. बाकी सगळं नंतर.

रोज दुपारी ते गावी वडिलांना फोन करायचे. समदं ठीक हाय म्हणतात, असं आम्हाला सांगायचे आणि मगच डबा उघडायचे.

*

निवृत्त कुलकर्णीकाकांनी आपल्या जुन्यापुराण्या कॉम्प्युटरवर हट्टानं नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. या हार्डवेअरवर ही चालणार नाही, असा निरोप स्क्रीनवर आला आणि मशीन जे बसलं ते उठेना. काका तणतणत दुकानात आले.

भाऊंनी त्यावर एक हलकी, फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. मशीन मिनिटभरात सुरू. काकांचा संशय काही जाईना. हे टिकेल का, म्हणाले.

"काका, म्हाताऱ्या बैलाला भरल्या गाडीला जुपू नाय. रिकाम्या गाडीला लई दिवस चालतो."

काकांनी जाताना दोनदा विचारून घेतलं, की बैल कॉम्प्युटरलाच म्हणालात ना!

*

एकदा चूक माझी होती. पेनड्राइव्हवरून सिस्टीम इन्स्टॉल झाली, मशीन सुरू झालं, मी पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. गिऱ्हाइकाच्या घरी मशीन उठेना. दुकानात आणून पेनड्राइव्ह लावला, की सुरू! तीन खेपा झाल्या. सिस्टीम सुरू करणारा भाग मी डिस्कवर टाकायच्या ऐवजी पेनड्राइव्हवरच टाकून बसलो होतो.

भाऊ रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मोटार विहिरीवर, अन् स्टार्टर तुझ्या खिशात."

*

बीड बायपासकडच्या एका नव्या बिल्डिंगमधल्या साहेब घरी स्वतःच सिस्टीम टाकायचे, पण इन्स्टॉलेशन दर वेळी अर्ध्यात तुटायचं. भाऊंनी कॅबिनेटला हातही लावला नाही. नळ कधी येतो, एवढंच विचारलं.

त्या वर्षी नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. साहेब पाण्यासाठी रजा घ्यायचे आणि घरी आहोच, तर हेही उरकू म्हणून बसायचे. त्याच वेळी अख्ख्या बिल्डिंगच्या मोटारी सुरू व्हायच्या, व्होल्टेज पडायचं आणि मशीन मध्येच बंद व्हायचं. आम्ही उगाच मदरबोर्डला शिव्या घालत होतो! या माणसापुढं मी तिथंच हात जोडले.

*

आणि वैशालीताई. कन्नडकडच्या एका चारा छावणीचं काम त्या बघायच्या. कोणाची किती जनावरं छावणीत आहेत, ती यादी त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती. त्यांच्या दिरांनी हौसेनं त्यावर नवी सिस्टीम टाकली आणि स्क्रीन काळा पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती. यादी नसेल तर चारा थांबणार होता. ताई कॅबिनेट मांडीवर घेऊन एसटीनं आल्या होत्या.

"भाऊ, मुकी जनावरं हायेत हो," एवढंच त्या बोलल्या.

भाऊंनी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. नव्या सिस्टीमनं जुन्या फायली एका फोल्डरमध्ये सरकवून ठेवल्या होत्या. यादी सापडली! ताईंनी डोळ्यांना पदर लावला. सगळी पानं नीट आहेत का, म्हणून भाऊ यादी खाली सरकवत वाचू लागले. एका ओळीवर थांबले. मी वाकून पाहिलं. गाव देवगाव रंगारी, नाव भाऊंच्या वडिलांचं, दोन बैल, एक गाय. छावणीत येऊन महिना झालेला.

भाऊंनी आधी सगळी यादी छापली, मोजून ताईंच्या हातात दिली. मग वडिलांना फोन लावला.

"दादा, विहिरीत पाणी हाय का?"

पलीकडचं उत्तर आम्हाला ऐकू आलं नाही. त्या दिवशी भाऊंनी डबा उघडला नाही. ताईंचं कॅबिनेट उचलून ते त्यांच्याच एसटीनं गेले.