रोज सायकलने येणारे पटोलेजी

सांगू की नको, असं झालंय मला. पण चहा अजून गरम आहे आणि तुम्ही घरातलीच माणसं, तेव्हा ऐका. माझी इज्जत सायकलवर बसून कशी गेली ते!

तर आमच्या ऑफिसात मी 'सायकलवाले पटोलेजी' म्हणून प्रसिद्ध होतो. (आहे मी पाटोळे. पण दिल्लीत 'ळ' मिळत नाही, सवय झालीय.) लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरपासून ऑफिसपर्यंत रोज सायकल! उन्हाळ्यातली लू असो, थंडीतलं धुकं असो! शिपायापासून अंडर सेक्रेटरीपर्यंत सगळे माझं उदाहरण द्यायचे.

आणि खरं काय होतं? मी मेट्रोने यायचो.

सायकल होती हो, त्यात खोटं नाही. बदलून गेलेला एक सहकारी जाताना मला देऊन गेला होता. ती ऑफिसच्या मागच्या गेटजवळ स्टँडवर उभी असायची. डॉक्टरांनी वजनावरून झापलं होतं, म्हणून एक दिवस मेट्रोतून उतरून मागच्या गेटने शिरलो, सायकल काढली आणि कंपाउंडमधून वळसा घालून पुढच्या पोर्चपर्यंत आलो. चालत गेलो असतो तर तीनशे पावलं झाली असती. नेमके आमचे डायरेक्टर, माथूर सर, गाडीतून उतरत होते.

"अरे वाह पटोलेजी! घर से साइकिल पे?"

आता 'नाही सर' म्हणायला किती वेळ लागतो? पण जीभ घसरली ती घसरलीच. "जी सर. रोज!"

झालं! मग हा रोजचा उद्योगच होऊन बसला. मेट्रो, मागचं गेट, हेल्मेट, सायकल. आणि पोर्च यायच्या आधी बाटलीतलं चार थेंब पाणी कपाळावर. घाम म्हणून! मागच्या गेटवरचे गार्ड यादवजी मोठ्या प्रेमाने माझी सायकल पुसून ठेवायचे. वर्षभरात माझं वजन तीन किलो वाढलं आणि कीर्ती त्याहून जास्त.

बायको म्हणाली, "अहो, एवढं नाटक करण्यापेक्षा सायकल चालवणं सोपं नाही का?"

बायकांना ना, कला कळत नाही.

मग एका शुक्रवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "पटोलेजी, आपको देख देखके मैंने भी साइकिल ले ली! मंडे को सात बजे आपके क्वार्टर के नीचे. आप आगे, मैं पीछे. रास्ता तो आपको रटा हुआ होगा!"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. माझ्या कामाचा वर्षाचा अहवाल लिहिणारे हेच! आणि रस्ता? अहो, आठ वर्षं मी जमिनीखालून येतोय! आयएनए स्टेशनला खाली उतरायचं, उद्योग भवन स्टेशनला वर यायचं. मध्ये दिल्ली असते, एवढंच ऐकून होतो.

रविवारी यादवजींची सुट्टी. दुसऱ्या गार्डला ओळखपत्र दाखवलं, सायकल टेंपोत घातली आणि घरी आणली. मग संध्याकाळभर फोनवर नकाशा पाठ करत बसलो.

सोमवारी सातला सर हजर! कोरं हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. मी पुढे, सर मागे. पहिली दहा मिनिटं काय थाट होता आमचा! मग लागली ती गोल चक्करं, चौकाचौकातली वर्तुळं. तेच पांढरे बंगले, तीच कडुनिंबाची झाडं, प्रत्येक चक्कर मागच्या चक्कराची जुळी बहीण! फोन काढून बघावं तर सर मागे.

"पटोलेजी, यहां से हम अभी गए थे ना?"

"सर, यहां मैं तीन राउंड लगाता हूं. घुटनों के लिए अच्छा रहता है."

सरांनी निमूटपणे तीन राउंड मारले! मलाही मारावे लागले. त्यानंतर कुठे वळलो देव जाणे, इंडिया गेट आलं आणि गेलं, आणि एकदम ओळखीचा रस्ता. कोपर्निकस मार्ग! रविवारी इथल्या मराठी कँटीनमध्ये थालीपीठ खायला येतो ना आम्ही. म्हणजे ऑफिस राहिलं पार मागे!

"सर, ये लंबा वाला रूट है. सोमवार को यही लेता हूं."

तेवढ्यात समोरून आमच्या ऑफिसशेजारच्या इमारतीत कर्मचारी नेणारी चार्टर्ड बस गेली. देवच पावला! यू-टर्न मारून जिवाच्या आकांताने तिच्या मागे सायकल हाणली. मागून सर ओरडतायत, "क्या स्पीड है पटोलेजी!" त्या दिवशी घामासाठी बाटली लागली नाही.

पोहोचलो एकदाचे. सवयीने मागच्या गेटकडे वळलो, आणि तिथे ही गर्दी! दोन पोलीस, मधोमध रडवेले यादवजी.

"साहब, गजब हो गया! आपकी साइकिल चोरी हो गई! साल भर से दिन-रात यहीं खड़ी थी, दीवाली की छुट्टी में भी नहीं हिली! आज आप मेट्रो से उतरके आएंगे तो क्या मुंह दिखाऊंगा, यही सोच रहा था…"

मग त्यांची नजर माझ्या बुडाखाली गेली. "अरे! मिल गई!"

सरांनी हळूच हेल्मेट काढलं.

पोलीस म्हणाला, "तो ले कौन गया था?" आता सांगा, चोर व्हावं की खोटारडा? मी खोटारडा झालो. तेही लेखी! लिहून द्यावं लागलं की सदर सायकल मी स्वतःच घरी नेली होती, आणि ती घरी जाण्याची ही पहिलीच वेळ असल्याने गैरसमज झाला. खाली साक्षीदार म्हणून सही सरांची. चष्मा लावून, दोनदा वाचून केलेली.

आता माझ्या अहवालात काय लिहिलं जाणार, याचा मी हिशोब करत होतो. पेनाचं टोपण लावत सर म्हणाले, "पटोलेजी, अब इस झूठ को सच कर दीजिए. कल सात बजे."

तेव्हापासून रोज सर पुढे, मी मागे. परवा शेजारच्यांनी विचारलं, "एवढ्या थंडीत रोज निघायची प्रेरणा कुठून मिळते हो तुम्हाला?" मी छाती फुगवून म्हणालो, "आतून यावी लागते."

खिडकीतून बायको ओरडली, "आतून कुठली? ती खाली हेल्मेट घालून उभी आहे, आणि चौथ्यांदा घंटी वाजवतेय!"