शोभाताईंच्या घरात बाटली नव्हती

शोभाताई बाळंतिणीच्या घरात शिरल्या की आधी बाळाकडे बघत नसत. आधी चुलीपाशी जात, मग मोरीपाशी, मग बाजेखाली वाकून बघत आणि शेवटी कमरेवर हात ठेवून विचारत, "कुठं ठेवली वं बाटली?" नुसतं 'नाही' म्हणून कोणाची सुटका होत नसे. साखरेच्या डब्यातून, गोधडीच्या घडीतून, एकदा तर गव्हाणीतल्या कडब्यातून त्यांनी दुधाची बाटली हुडकून काढली होती. सापडली की पिशवीतून छोटी कैची निघे, निपलचं टोक कचकन उडे आणि बाटली घरमालकिणीच्या हातात परत जाई. "घे, आता याच्यात खोबऱ्याचं तेल ठेव." गावातली पोरं त्यांना कैचीवाली बाई म्हणत आणि त्या ते कौतुक समजत.

त्या आमच्या गावच्या आशा आणि मी अंगणवाडीची सेविका. गाव मुकुटबनपासून सहा-सात किलोमीटर आत, सगळं कापसाचं. मी पुसदची, लग्न होऊन इथे आले, तेव्हा माझं बोलणं ऐकून ताई हसायच्या. "आमची मॅडम पुसदची, पन बोलते पुन्याची." चारचौघांत त्या मला मॅडम म्हणत, दोघीच असलो की 'वं'. मी त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. वजनाचा काटा त्यांच्या खांद्यावर, नोंदवही माझ्या हातात, अशा आम्ही सतरा वर्षं या गल्ल्या पालथ्या घातल्या.

त्यांचा बाटलीवरचा राग पुस्तकातला नव्हता. आशा झाल्याच्या पहिल्याच वर्षी गावातली दोन तान्ही हगवणीनं सुकली. दोन्ही घरांत अंगावरचं दूधही होतं आणि सोबत बाटलीही. ताईंनी दोघांना मांडीवर घेऊन दवाखाना गाठला. एक परत आलं, दुसरं नाही. त्यानंतर त्यांचं एकच म्हणणं झालं. "बाटली म्हंजे हगवनीचा कारखाना हाय. एकदा घरात घुसली का लेकरू आळशी होते, छातीले तोंड लावत नाई, मंग मायचं दूध कमी होते, मंग आनखी बाटली." हे त्या इतक्या वेळा म्हणत की अंगणवाडीतली चार वर्षांची पोरंसुद्धा बाहुलीला मांडीवर घेऊन ते म्हणायची.

आणि बाईला काम येत होतं, हे कोणीही कबूल करील. पलीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, एक पोर पहिलटकरीण होती, तिला दूध उतरेना. सासू म्हणाली पावडरच्या दुधाचा डब्बा आणू. ताई तीन दिवस सकाळ-दुपार तिच्याजवळ जाऊन बसल्या. पाठीला उशी दिली, बाळाचं डोकं कसं धरायचं ते टॉवेलाची गुंडाळी करून दाखवलं, तिला स्वतःच्या डब्यातली भाजी खाऊ घातली. तिच्या भाषेतले चारच शब्द त्यांना येत होते, तेवढ्यावर तिला हसवलं. तिसऱ्या दिवशी दूध आलं, तेव्हा ताईंनीच आधी डोळे पुसले. "दूध आटत नाई बापा, मन आटते," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मला ते त्या दिवशी फार आवडलं होतं.

त्यांचा एक दोष होता. त्यांना उत्तर आधीच माहीत असायचं. बाई बोलायला तोंड उघडायची आणि ताई म्हणायच्या, "लाव, पुन्हा लाव, येते." बहुतेक वेळा येतही असे. ज्यांना येत नसे त्या गप्प बसत आणि बाटलीसाठी आणखी चांगली जागा शोधत. मला हे दिसत होतं. पण आपण घरोघर गोडीगुलाबीनं वागावं, कैची ताईंनी चालवावी, असा माझा सोयीचा स्वभाव.

मग त्यांच्या सुनेला, वैशालीला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. वैशालीचं माहेर उमरखेडचं. ताईंनी विहीणबाईंना साफ सांगितलं, "बाळंतपन माह्याच घरी होईन. तुमच्याकडं गेली का तिसऱ्या दिवशी बाटली लावसान." विहीणबाईंना तो अपमान वाटला आणि तो होताच. वैशालीला कोणी विचारलं नाही. मुलगा झाला. बाराव्या दिवशी नामकरणाला उमरखेडहून माणसं आली, झबली-टोपडी आली आणि आईनं लेकीला दिलेल्या लुगड्याच्या घडीत एक नवी बाटली आली.

हे मला कसं माहीत? वैशालीनंच सांगितलं. ताई बाहेर गेल्या असताना मी वही घेऊन गेले होते. तिनं पदर बाजूला करून दाखवलं. दोन्हीकडे भेगा पडून रक्त आलेलं होतं. "आत्याबाईले सांगितलं का?" मी विचारलं. सासूला इथे आत्याबाई म्हणतात; कधीकधी माझ्याही तोंडात इथलं येतं.

"काय सांगू मॅडम? त्या म्हनतात, दूध आटत नाई, मन आटते. म्हंजे माह्यं मन आटलं का? संध्याकाळी हे लेकरू रडरड रडते. मंग थोडी बाटली देतो अन् बाकी अंगावरचं पाजतो."

मला तिची दया आली. मी म्हटलं, एखाद्या वेळी दे. ताईंना कळू देऊ नको. तेवढंच म्हणून मी थांबायला हवं होतं, किंवा तिथून पुढे बरंच काही बोलायला हवं होतं. बाटली लपवायची कुठे, हा प्रश्न होता. तो हंगामाचा काळ. मधल्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग माळ्याला टेकला होता. पुढच्या खेपेला वैशाली मला हळूच म्हणाली, "कापसात खुपसून ठेवतो. दूध गरमच राह्यते मॅडम, चुलीवर ठेवाच लागत नाई. सकाळी भरली का संध्याकाळपावेतो पुरते." बाटली उकळायची सोय नव्हती, कारण चूल ताईंच्या डोळ्यांसमोर. आंघोळीला बसली की ती मोरीतच खंगाळून घ्यायची.

मी शिकलेली बाई. कोमट दुधात काय होतं, हे मला प्रशिक्षणात तीन वेळा शिकवलं होतं. चहाचं उरलेलं दूध मीसुद्धा उन्हाळ्यात दुपारपर्यंत ठेवत नाही. आणि मी तिला म्हणाले, "हुशार आहेस गं." सासूला चकवल्याचं मला हसू आलं होतं, बाकी काही मनात आलंच नाही.

बाळाचं वजन छान वाढत होतं. चौदाव्या दिवशी वाढलं, एकविसाव्या दिवशी आणखी. एकविसाव्या दिवशी ताईंनी नातवाला झोळीत घालून काटा आढ्याला टांगला आणि काट्यावरचा आकडा बघून लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. मला मोबाईलवर फोटो काढायला लावला. तो फोटो त्यांनी गावातल्या एकूण एक गरोदर बाईला दाखवला. "पाहा वं, निव्वळ अंगावरचं. याले म्हनतात दूध." वैशाली दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

सव्वा महिना व्हायच्या आत बाळाला हगवण लागली. सकाळी सुरू झाली, दुपारपर्यंत टाळू खोल गेली. ताईंनी क्षणभरही घालवला नाही. मुकुटबन, तिथून तालुका, तिथून यवतमाळ. मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "वरचं काही देत होता का? बाटली वगैरे?" ताई ताठ उभ्या राहिल्या. "नाई साहेब. मी स्वतः आशा हाय. माह्या घरात बाटली नाई." त्यांच्या मागे वैशाली उभी होती, तिच्या मागे मी. आमच्यापैकी एकीनंही तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी जे करायचं ते केलंच असतं, आमच्या बोलण्यानं बाळ वाचलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. त्याचं नाव प्रज्वल ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी कापूस विकायला काढला. गाडी भरताना ढिगातून बाटली घरंगळली. तळाशी दुधाचं पिवळं दही झालेलं, वरून कापूस चिकटलेला. ताईंनी ती उचलली. अंगणात चार गडी, दोन शेजारणी, मी. सगळ्यांना वाटलं आता बाई सुनेला फाडून खाणार. त्या बराच वेळ बाटली हातात फिरवत राहिल्या. मग वैशालीला एवढंच विचारलं, "धूत कशी होती वं?" ताई आत गेल्या आणि बाटली उकळायला ठेवली. का, ते मला आजही कळत नाही. ती उकळत होती आणि त्या समोर बसून होत्या.

महिन्याभरात वैशाली उमरखेडला गेली, मागोमाग ताईंचा मुलगाही. तिथे तो एका दुकानात लागला. ताईंनी दोघांना अडवलं नाही.

त्यानंतरच्या ताई मला बघवत नसत. कैची त्यांनी माझ्या टेबलाच्या खणात आणून टाकली. घरोघर जाऊन म्हणू लागल्या, "बाटली असन तर दाखवा. मी रागावत नाई. कशी उकळाची ते सांगीन. नाई तर वाटी-चमच्यानं कसं पाजाचं ते दाखवीन. दूध भरून ठेवू नोका, उरलं तं फेकून देजा." आणि घरोघर एकच उत्तर, "नाई बाई, आमच्याइथं कुठली बाटली?" बायकांना वाटे, बाईची ही नवी युक्ती आहे, पकडायला आल्या. एका घरी तर पाळण्यात, दुपट्याखालून, बाटलीचं निळं झाकण सरळ दिसत होतं. आम्ही दोघींनी पाहिलं. बाळंतीण म्हणाली, नाही. ताई म्हणाल्या, "बरं," आणि पायरी उतरून आल्या. बाहेर रस्त्यावर मला म्हणाल्या, "सतरा वर्षं म्या यायले लपवाले शिकवलं वं मॅडम. आता कसं परत घेऊ?"

मी त्यांना सांगायचं ठरवलं, ते मन मोकळं करायला. ताईंना त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पोरं घरी गेली होती, आम्ही दोघी अंगणवाडीत उद्याच्या खिचडीची डाळ निवडत बसलो होतो. मी सांगितलं. भेगांचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं, कापसात दूध गरम राहतं हे मला माहीत होतं आणि मी तिला हुशार म्हणाले, तेही सांगितलं. मला वाटलं त्या सूप माझ्या अंगावर फेकतील. मला तेच हवं होतं.

त्या डाळीतून खडे काढत राहिल्या. "तुले सांगितलं तिनं," त्या म्हणाल्या.

"हो."

"रक्त येते, हेबी?"

"हो, ताई."

"एका घरात राहून मले नाई सांगितलं." हात थांबला. "मी एवढी वाईट होती का वं?"

"नाही, ताई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आताबी खोटंच बोलून राह्यली तू," त्या म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं.

त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. रोज येत, वजनं करत, चहा घेत. फक्त मला काही विचारणं सोडलं. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर ताप आला, तो त्यांनी अंगावर काढला. दुसऱ्यांना दवाखान्यात नेण्यात आयुष्य गेलेली बाई स्वतः मात्र गेली नाही. मी दोनदा रिक्षा आणली, दोनदा परत पाठवली. आठव्या दिवशी त्या गेल्या.

जलदान विधीला उमरखेडहून वैशाली आली. मधल्या काळात तिला दुसरं मूल झालं नव्हतं. जेवणं आटोपल्यावर ती मागच्या दारी भांडी घासत होती, मी जवळ जाऊन बसले. मी म्हटलं, ताईंना शेवटपर्यंत वाटत होतं की तू त्यांना भिऊन सांगितलं नाहीस.

वैशालीनं राखेचा हात तसाच ठेवला. "भेत तं होतीच मी. पन सांगाचं ठरवलं होतं. एकविसाव्या दिवशी, वजन झाल्यावर सांगीन म्हटलं होतं. मंग काटा पाहून त्या टाळ्या वाजवाले लागल्या. एवढं खुश म्या त्यायले कधी पाह्यलं नव्हतं, मॅडम. मले त्यायचं मन तोडवलं नाई."

ती पुन्हा भांडी घासू लागली. ताईंना जाऊन तेव्हा सातवा दिवस होता.