खालचं वरण

गेल्या वर्षी माझे केस इतके गळायला लागले, की जळगावातल्या माझ्या पिंप्राळ्याच्या खोलीत झाडू मारायचीही मला धास्ती बसली. शाळेपासून माझी ओळख वेणीवरून. ‘ती लांब केसांची’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. आणि आता भांगात टाळू दिसायला लागली. जिवाला चैन पडेना. ऑफिसात समोर फाइल उघडी आणि मी मोबाइलच्या कॅमेऱ्यात भांग बघतेय, असं चाललेलं.

सल्ले द्यायला तर अख्खं जळगाव मोकळं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, “अंडी खा. घासफूस खाऊन केस कसे टिकतील?” माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंड्याला हात लावलेला नाही. म्हटलं, “माझ्या आत्याची वेणी कमरेखाली जायची, ती काय कोंबड्या खात होती?” म्हटलं खरं, पण दोन दिवसांनी मीच गुपचूप भुर्जीच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले. वासानेच दोन पावलं मागे सरले. तशीच परत फिरले, स्वतःवर चरफडत.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्त तपासलं. लोह पार तळाला गेलेलं, बी-ट्वेल्व्हही कमी. “अंडी खाल्लीच पाहिजेत असं काही नाही,” त्या म्हणाल्या. “शाकाहारावरही केस चांगले राहतात. गोळ्या देते, त्या घ्या. जेवल्यावर लगेच चहा नको. पण डाळी-कडधान्यं किती खाता ते सांगा.”

मी ठसक्यात म्हणाले, “रोज वरण असतं.”

“हो, पण वाटीत डाळ किती असते?”

हा कसला प्रश्न, असं म्हणत मी बाहेर पडले, पण तो काही डोक्यातून जाईना.

त्या रविवारी एरंडोलला घरी गेले. वडिलांकडे पाहुणे आलेले, म्हणून वरण-बट्टीचा बेत. आधी वडील आणि पाहुणे बसले. आई डाव तळापर्यंत घालून घट्ट वरण वाढत होती. मग भाऊ बसला. तो उठल्यावर आईने पातेल्यात तांब्याभर गरम पाणी ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, आणि आम्ही दोघी जेवायला बसलो. माझ्या वाटीत पिवळं पाणी होतं. त्यातून वाटीचा तळ दिसत होता.

जन्मापासून मी हेच बघत आले होते. आणि कहर म्हणजे पिंप्राळ्यात एकटी राहून, स्वतःच्या पगारात, कुणालाही आधी वाढायचं नसताना, मी रोज असंच पाणी करून पीत होते. मला वरण म्हणजे तेवढंच माहीत होतं.

मी भडकले. वडिलांना म्हटलं, “नाना, हिने कधी खालचं वरण खाल्लंय का?” ते म्हणाले, “तिला कोणी अडवलंय?” कोणी अडवलं नव्हतं हेही खरंच, म्हणून माझा आणखी तिळपापड झाला. आईचं आपलं एकच, “हळू बोल, पाव्हना शेतस घरमा.”

दुपारी तिने अंबाडा सोडला, तर अर्धा अंबाडा तिच्या हातातच आला. गंगावन लावलेलं होतं. मागे उरलेली वेणी करंगळीएवढी. मी दहावीत होते तेव्हापासून ती लावतेय म्हणे. इतकी वर्षं मला पत्ता नाही! मी रडायलाच लागले, तर म्हणते, “माले काय करनं शे आते केसेसनं?”

संध्याकाळी मी स्वतः घट्ट वरण केलं आणि सगळ्यांना एकदम बसवलं. आईच्या ताटात पहिला डाव वाढला. मी पाणी घ्यायला उठले तेवढ्यात तिने ते सगळं वरण माझ्या ताटात सरकवलं. “तुनं वय शे, खाय ले.” मी खूप बडबडले. आणि मग खाल्लं.

त्याला आता चार महिने झाले. गोळ्या, वाटीभर घट्ट डाळ, मोड आलेली मटकी, वर लिंबू, सगळं नेमाने चालू आहे. कपाळाशी बोटभर नवे केस आलेत. कधी एकदा आईला दाखवते असं झालं होतं. परवा दाखवले. ती त्यांवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. नाना घरात नाहीत ना, ते बघून आली आणि मग हळूच म्हणाली, “ते रगत तपासतस ना, मनंबी तपासतीन का वं?”

चार महिन्यांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं.