टोपलीतला गहू आणि हिरवा समुद्र

राठोड मॅडमना मी प्रथम पाहिलं ते दिग्रसला जाणाऱ्या एसटीत. त्यांच्या पायाशी तपकिरी पाण्याच्या बाटल्या होत्या आणि कंडक्टर विचारत होता, "बाई, दारू घेऊन चालल्या काय?"

"समुद्र आहे बाबा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नमुना टिकावा म्हणून आयोडीन टाकलं, त्यानं रंग असा दिसते."

मी मारेगावची, तोवर समुद्र न पाहिलेली. पुढं त्यांच्याच हाताखाली संशोधन करू लागले.

यवतमाळात राहून समुद्राचा अभ्यास कशाला, असं मॅडमना किती जणांनी विचारलं असेल! "आमचे बंजारा पूर्वज बैलांवर मीठ लादून आणत, मी पाणी आणते," असं त्या हसून सांगत. त्यांचा विषय समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा, म्हणजे वनस्पती-प्लवकांचा. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत उत्तरेचा वारा वाहू लागला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी खोल समुद्राकडे सरतं. त्याच्या जागी तळचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि त्यावर प्लवक फोफावतं. मासळीचं पोट त्यावरच चालतं.

माझ्या प्रबंधासाठी एका श्रावणात आम्ही किनाऱ्यावर गेलो. वारा जोरात होता, पाणी हाताला गार लागत होतं, पण जाळीत हिरवं काहीच येईना. मग वाराही पडला. रिकाम्या हातानं परतले तर विषयच सोडावा लागणार होता. मी रडवेली होऊन बॅग भरू लागले.

"कायले भरून राह्यली बॅग?" मॅडम दारातूनच म्हणाल्या. "तीजेच्या सणाले आमच्या पोरी टोपलीत गहू पेरतात. पेरल्या दिवशीच टोपली हिरवी होते काय? पाणी आत्ताच वर आलं. त्याले ऊन तर लागू दे."

आम्ही थांबलो. काही दिवसांनी जाळी वर आली ती हिरव्या थरानं माखलेली. माझा प्रबंध तरला. त्याच दिवसांत आर्णीजवळच्या त्यांच्या तांड्यावर तीज होती आणि दरवर्षी न चुकता जाणाऱ्या मॅडम माझ्यासाठी गेल्या नव्हत्या, हे पुढं त्यांच्या बहिणीकडून कळलं. स्वतः त्या कधी बोलल्या नाहीत. रागवायच्या मात्र भरपूर. बाटलीवर तारीख न लिहिणाऱ्याची खैर नसे.

यंदा मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गेल्या श्रावणात माझी विद्यार्थिनी किनाऱ्यावरून फोनवर रडत होती, "काहीच नाही मिळून राह्यलं, वापस येऊ काय?" मी तिला मॅडमशी बोलायला लावलं. ती थांबली.

मॅडम, आम्ही सारे उतावळे. आम्हाला थांबवायला तुम्ही हव्यात. प्रकृती जपा, पुष्कळ वर्षं आमच्यात राहा. यंदाच्या तीजेला मी तुमच्यासोबत तांड्यावर येणार आहे. टोपली हिरवी होईपर्यंत तुमच्या शेजारी बसायचं आहे.