मामांनी उकळलेलं विरजण

जगातल्या एकूण एक जंतूंवर नजर ठेवण्याचं काम आपल्याकडे सोपवलेलं आहे, असं मानणारा माणूस असोदा गावात एकच आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. मामांचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, शेत केळीचं आणि वय सत्तरीला टेकलेलं. कोरोनाच्या दिवसांत घरी बसून टीव्हीवर त्यांनी जे जे ऐकलं ते डोक्यात शिरलं; पुढे साथ ओसरली, पण ते काही ओसरलं नाही. त्यात मी, त्यांची एकुलती एक भाची, जळगावच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, अशी मामांची गत झाली. दर आठ-पंधरा दिवसांनी ते बसने येतात, पिशवीतून भरताची वांगी काढून ओट्यावर ठेवतात आणि वांग्यांपाठोपाठ शंका काढायला लागतात. वांग्यांचं भरीत होतं, शंकांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

एकदा चहाचा कप तोंडाला लावतानाच त्यांनी विचारलं, "मले सांग माय, हा विषाणू जिता हाये का मेलेला?" मी म्हटलं, मामा, धड जिवंतही नाही आणि धड मेलेलाही नाही. मामांनी कप खाली ठेवला. "मेलेला हाये तं मंग साबन लावीसन पुन्हा मारता कायले? आन जिता हाये तं खातो काय?" मी पुस्तकात आहे ते सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "म्हंजे तुले बी माहीत नाही." वर्गात साठ मुलं पुढ्यात असताना कुणी इतकं सरळ बोलत नाही. त्या दिवशी मी रात्रीचं जेवण जरा कमीच जेवले.

रसायनशास्त्राचंही तेच. हळद साबणाने किंवा चुन्याने लाल होते, हे मीच त्यांना दाखवलं आणि पस्तावले. मामांनी वहीची पानं हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि त्या सदऱ्याच्या खिशात घालून ते हिंडायला लागले. पापडखार, मोरी, बसस्टँडवरचं पाणी, कशालाच त्यांनी सोडलं नाही. नात्यातल्या एका मुलासाठी मुलगी बघायला नरडाण्याला गेलो, तेव्हा पाण्याचे ग्लास पुढे आले आणि मामांनी शांतपणे त्यात पट्टी बुडवली. ग्लासाच्या तळाशी साबण राहिला होता. पट्टी लालसर झाली आणि मामांनी ती सगळ्यांना फिरवून दाखवली. आता आपली वरात हाकलली जाणार, म्हणून मी चप्पल कुठे काढली ते आठवू लागले. पण मुलीच्या आजीने ती पट्टी डोळ्यांशी धरली, "कुंकवाचा रंग आला वं बाई!" म्हणाली आणि तिने सोयरीक तिथेच पक्की केली. मामा परतीच्या गाडीत जळगावपर्यंत एकच वाक्य बोलत होते, "पन ग्लास तं धुतलेला नव्हता ना!"

शेतातही त्यांच्या डोक्यात हाच गोंधळ. केळीवर विषाणूचा रोग आला, रोपं उपटून लांब नेऊन पुरा, असं कृषी खात्याचा माणूस सांगून गेला. दुसऱ्या दिवसापासून मामा बागेत मास्क लावून जायला लागले. मामा, केळीचा रोग माणसाला होत नाही, असं मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मले माहीत हाये. पन माही सर्दी केयीले लागली तं?" मला हसू आलं. मग वाटलं, सत्तर वर्षांचा माणूस झाडाला आपला खोकला लागू नये म्हणून उन्हात नाक बांधून फिरतो, याला हसायचं तरी कसं.

आता खरी गोष्ट सांगते. यात निम्मी चूक माझी आहे.

आमच्या कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन होतं. मामा आले, रांगेत उभे राहिले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेवर दह्याचा थेंब होता. त्यांनी बराच वेळ डोळा काढला नाही. मागचे लोक कुरकुरायला लागले. शेवटी चेहरा वर आला तेव्हा तो पांढरा पडला होता. "हे सगये आम्ही रोज खातो?" गर्दी होती, बाजूला एक मुलगा काच फोडत होता. मी घाईत विचारलं, काय मामा? "हे जंतू मरतीन कसे?" उकळलं की मरतात, मी म्हटलं आणि त्या मुलाकडे धावले. हे चांगले जंतू आहेत, यांच्यामुळेच दही लागतं, हे पुढचं वाक्य राहूनच गेलं. पहिल्या तासाला मी हेच तर शिकवते.

मामी तेव्हा भावाकडे बारशाला पाचोऱ्याला गेल्या होत्या. दोन महिन्यांपासून त्यांचं पोट बिघडत होतं. त्या परत यायच्या आत घर निर्जंतुक करायचं, असं मामांच्या मनाने घेतलं. त्यांनी दही उकळलं, ताक उकळलं, विरजणाची वाटी बुडबुडे येईपर्यंत चुलीवर धरली. मग तेच उकळलेलं विरजण कोमट दुधात घातलं, वर ताट झाकलं, मामींच्या शालीत पातेलं गुंडाळलं आणि वाट पाहत बसले. पहिल्या दिवशी दूध. दुसऱ्या दिवशी दूध. तिसऱ्या दिवशी त्याचा वास सुटला आणि त्याच दिवशी मामी दारात उभ्या राहिल्या.

ते विरजण मामींच्या आईचं होतं. लग्न होऊन निघताना आईने पितळेच्या डबीत दोन चमचे दही घालून दिलं होतं, आणि पंचेचाळीस वर्षं मामींनी ते एक दिवसही मोडू दिलं नव्हतं. आईचं लुगडं विरलं, फोटो पुसट झाला, स्वतः आई जाऊन किती वर्षं झाली. रोज सकाळी ताजी होऊन समोर येणारी तिची हीच एक गोष्ट मामींकडे उरली होती. मामी ओरडल्या नाहीत. त्यांनी पातेलं घासलं, दुकानातून पिशवीचं दही आणवलं आणि ताटाशेजारी ठेवलं. मामांशी त्या कामापुरतंच बोलायला लागल्या. मामांना शिव्या चालतात, हे मात्र त्यांना सोसेना.

दुसऱ्याच दिवशी ते माझ्याकडे आले. पिशवीत वांगी नव्हती. "मेलेलं पुन्हा जितं नाही करता येत?" नाही मामा. त्यांनी पिशवीची घडी घालून मांडीवर ठेवली. मग एकाएकी म्हणाले, "रोग एकापासून दुसऱ्याले लागतो ना? तं विरजन बी लागलं असंन कोनाले. पंचेचायीस वर्सं गल्लीतल्या बाया वाट्या घीसन येत व्हत्या." माझ्या वर्गातल्या मुलांना हे परीक्षेतही सुचलं नसतं.

मग वही काढून मामा घरोघर फिरले. प्रश्न साथीच्या दिवसांत आरोग्यसेविका विचारायच्या तेच: आमच्या दह्याशी शेवटचा संपर्क कधी आला? मधे बाहेरचं दही मिसळलं का? त्याचा परिणाम एकच झाला. दह्यातून नवी साथ आली आहे आणि मामांनी म्हणूनच यादी केली आहे, अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली, आणि ज्या तीन घरांत विरजण टिकलं होतं त्यांनी ते भीतीने उकळून टाकलं. मामा डोक्याला हात लावून ओट्यावर बसले होते, असं शेजारीण सांगते.

शेवटचं एकच घर उरलं, माझ्या आईचं, धुळ्याला. तिने लग्नानंतर काही वर्षांनी भावजयीकडून विरजण नेलं होतं. मामा तसेच धुळ्याला गेले आणि स्टीलचा डबा मांडीवर धरून बसने परत आले. आईने प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मधे एकदा तिचं दही बिघडलं आणि तिने शेजारच्या काकूंकडून चमचाभर आणलं होतं. मामांनी डबा माझ्यासमोर ठेवला. "तू शिकेल हायेस. सांग, हे तेच हाये का?" मी जन्मभर हाच विषय शिकले आहे. तरीही मला सांगता येईना. जंतू भांड्यागणिक बदलतात, हातागणिक बदलतात, असोद्यात तरी ते पंचेचाळीस वर्षं तेच राहिले असतील का? मी म्हटलं, मामा, मला माहीत नाही. त्यांनी एवढ्या निराशेने मान हलवली की मला रडू आलं.

मी त्यांच्याबरोबर असोद्याला गेले. मामांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं, शेजारच्या काकूंसकट, आणि डबा मामींपुढे धरला. मामींनी बोटभर दही जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"हे मायचं नाही," त्या म्हणाल्या.

मामा खाली बघायला लागले. मामींनी दूध कोमट करायला ठेवलं, त्यात चमचाभर विरजण टाकलं आणि म्हणाल्या, "मायनं बी कोनाकडून तरी आनलंच असंन ना. बसा आता, च्या ठेवते."

त्या घरी आता रोज दही लागतं आणि भांडणही पूर्वीसारखं होतं. पण मामा बदलले. परवा आले, वांगी ठेवली आणि नुसतेच बसून राहिले. मीच म्हटलं, काही शंका नाही आज? "शंका लय हायेत," ते म्हणाले, "पन उत्तर भेटलं का मी घरी जाईसन काही तरी मारतो." मी हसले आणि मग मला हसवेना. बसस्टँडवर त्यांना सोडायला गेले. गाडी लागली, ते चढले, खिडकीशी बसून समोर बघत राहिले. मला त्यांना हाका मारून सांगायचं होतं की मामा, मलाही फारसं माहीत नाही हो, पण तुम्ही विचारा ना काहीतरी.