सातबाऱ्याच्या मापाचं कोळपं

शमशेर शेखच्या हातात कसब आहे आणि डोक्यात अक्कलही आहे. दोन्ही एकाच वेळी चालू असतात, असं मात्र नाही. गेल्या खरिपात ते साऱ्या गावाने पाहिलं.

जामखेडहून आत आलं की जिथे डांबर संपतं तिथे आमचं गाव. थांब्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये शमशेरचं वर्कशॉप. त्याआधी बारा वर्षं तो नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. "दिवसाला आठशे पट्ट्या काढायचो, बाई. आठशेच्या आठशे सारख्या. त्या कशाला लागत्यात ते इचारलं तर सायेब म्हनायचा, तुला काय करायचंय?" हे तो मला इतक्यांदा सांगून चुकला आहे की आता मीच त्याला पुढचं वाक्य सुचवते. शेवटी कंटाळून गावी आला. बायकोला, सुरय्याला, त्याने शब्द दिला होता: तीन वर्षांत वर्कशॉपवर घर चाललं तर ठीक, नाहीतर मुकाट पुन्हा नागापूर. तिसरं वर्ष या दिवाळीला संपत होतं.

गावातले पुरुष त्याला 'भंगारातला इंजिनीअर' म्हणत. स्वतः दिवसभर पारावर बसून गंजत पडलेल्यांनी दुसऱ्याला भंगार म्हणावं, हीही एक हिंमतच.

त्याचं नाव झालं ते सायकल कोळप्यामुळे. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्यामागे गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून केलेली धारदार पास, म्हणजे आडवं पातं, आणि धरायला पाइपची मूठ. पिकाच्या दोन ओळींतून ढकलत न्यायचं, तण कापलं जातं. बाजारातही असली कोळपी मिळतात. आमच्या शेजारच्या केशरबाईने तसलं एक आणलं, दोन दिवस ढकललं आणि पाठ धरून बसली. तिचं दोन एकर उडीद, बैल केव्हाच विकलेले. शमशेरने ते कोळपं बघितलं आणि म्हणाला, "काकू, ह्ये तुमच्या कोपराच्या लई वर हाय. मूठ खाली दाबली की पास रुतती, वर धरली की छातीत बसती."

मग त्याने माप घ्यायचं ठरवलं. परक्या बाईला दोरी लावायची कशी? म्हणून सुतळी सुरय्याच्या हातात. केशरबाई भिंतीला टेकून उभी, हात कोपरात वाकवलेला, सुरय्याने कोपरापासून जमिनीपर्यंत सुतळी सोडून गाठ मारली. त्या गाठीवर शमशेरने मूठ बसवली. केशरबाईने दोन एकर तीन दिवसांत उरकलं आणि चौथ्या दिवशी रांगेत सात बाया उभ्या होत्या. सुरय्या माप घेई, तो जोडणी करी. सरळ, साधी, शहाणपणाची गोष्ट. म्हणजे ती फार दिवस टिकणार नव्हती हे उघड होतं.

कारण मग रविराज आला. शहरातल्या कुठल्याशा संस्थेचा प्रकल्प अधिकारी, सहा खिशांची पँट, एकाही खिशात ढेकूळ नाही. कोळपं बघून त्याचे डोळे भरून आले. "तळागाळातलं इनोव्हेशन!" म्हणाला. साठ कोळप्यांची ऑर्डर, उभ्या पिकात प्रात्यक्षिक, ते जमलं तर पुढे पाचशे. शमशेरने सुरय्याकडे बघितलं. नागापूर टळलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"फक्त हे दोऱ्यांचं बंद," रविराज म्हणाला. "एक स्टँडर्ड उंची लागेल. लाभार्थ्यांची यादी आणलीय. त्यांची मापं घ्या, सरासरी काढा."

यादी सातबाऱ्यावरून केलेली. साठच्या साठ पुरुष. केशरबाईच्या दोन एकरांपुढे तिच्या नवऱ्याचं, गोरक्षचं नाव.

"सर, कोळपतंय कोन?" सुरय्याने विचारलं.

"लाभार्थी."

"गोरक्षभाऊ? त्यांनी कोळपं धरलंय ते फकस्त फोटूत."

"वहिनी, जमीन ज्याच्या नावावर, योजना त्याची. नियम आहे."

इथे शमशेरने तोंड उघडायला हवं होतं. बाया कशा उभ्या राहतात, कुठे वाकतात, याचा त्याच्याइतका अभ्यास तालुक्यात कुणाचा नव्हता. पण समोर साठ होते, मागे पाचशे. तो म्हणाला, "बरोबर हाय, सर. नियम म्हंजी नियम." सुरय्या सुतळीचा गुंडा त्याच्या पुढ्यात टाकून घरात निघून गेली.

माप द्यायला गावचे पुरुष इस्त्री करून आले. शेतात न गेलेले पाय त्या दिवशी सकाळी सातला शेडपुढे रांगेत होते. शेजारच्यापेक्षा आपण उंच भरावं म्हणून छाती काढून, चपला न काढता, दोघेतिघे तर चवड्यांवर उभे. गोरक्ष म्हणाला, "माझं नीट घे रं शमशेरभाई, माझ्या कोळप्याला उंची पायजे." शमशेरने नीट घेतलं. सरासरी निघाली एकशे आठ सेंटिमीटर. रविराजने तिचं ड्रॉइंग केलं, त्यावर शिक्का मारला आणि साठ कोळपी एका महिन्यात सारखी, चकचकीत, हिरव्या रंगात तयार झाली. नागापूरला शिकलेलं शेवटी कामी आलं.

प्रात्यक्षिक केशरबाईच्याच उडदात. जमिनीत ओल बेताची, वाफसा उत्तम, मांडव, पाहुणे, कॅमेरा. लाभार्थी म्हणून गोरक्ष पुढे. पहिल्या दहा पावलांत त्याने ओळीतलं पीक उपटलं, तण तसंच ठेवलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना उडीद आणि तण यांतला फरक कोण सांगणार?

"सोड!" केशरबाई बांधावरून ओरडली. "आरं सोड त्ये! माजं उडीद काडतोय मुडदा!"

धावत येऊन तिने मूठ हिसकावली, ढकलायला गेली तर मूठ छातीशी. खाली दाबली, पास फसली. ती शमशेरकडे वळली. "काय रं, ह्ये माज्यासाटी केलं का माज्या मेलेल्या सासऱ्यासाटी?"

केशरबाई घरी जाऊन आपलं सुतळीच्या मापाचं जुनं कोळपं घेऊन आली आणि तिने एक ओळ सरळ रेषेत काढून दाखवली. रविराजने त्याचाच फोटो घेतला. अहवालात 'प्रात्यक्षिक यशस्वी' असं गेलं आणि साठ हिरवी कोळपी साठ घरांच्या आढ्याला टांगली गेली.

तिसऱ्या दिवशी त्या साठांतल्या एका घरची रतनबाई आपलं हिरवं कोळपं डोक्यावर घेऊन शेडपुढे आली. "काप," एवढंच म्हणाली. शमशेर कटर हातात घेऊन घुटमळला. संस्थेची तपासणी व्हायची होती. कापलं तर पाचशे गेले, हे त्याला कळत होतं. तो घराकडे वळून म्हणाला, "सुरय्या, माप घे."

"आत्ता व्हय? तवा नियम म्हंजी नियम हुता," ती म्हणाली. पण आली.

पंधरा दिवसांत अठ्ठावन्न कोळपी कापून झाली. उरलेल्या दोन घरांतले पुरुष खरंच कोळपत होते. रविराज टेप घेऊन आला. "हे शहाण्णव, हे एक्क्याण्णव! एकही ड्रॉइंगशी जुळत नाही!"

"जुळत न्हाई म्हनून तर चालतंय, सर."

"पाचशेची ऑर्डर आता नागापूरच्या कारखान्याला जाईल. तुमचा हात चांगला आहे, तिथे सुपरवायझर म्हणून चिकटवून देतो. कायमची नोकरी."

"तिथं कंच्या मापानं करनार?"

"ह्याच ड्रॉइंगच्या."

"मंग मला न्हाई जमायचं." मग त्याने भीत भीत सुरय्याकडे पाहिलं. शब्द तिला दिलेला होता. ती रविराजला म्हणाली, "चा घेऊन जावा," आणि आत गेली. माझ्या समजुतीप्रमाणे तो होकार होता. रविराजची गाडी गेल्यावर ती शमशेरला काय बोलली, ते मी ऐकलं. इथे लिहिणार नाही.

नागापुरात पाचशे कोळपी तयार झाली. एकशे आठ सेंटिमीटर, पाचशेच्या पाचशे सारखी. दसऱ्याआधी ती आसपासच्या नऊ गावांत वाटली गेली, पुरुषांच्या नावे, सहीनिशी. रब्बीचा ज्वारी-हरभरा कोळपायला आला तसा आमच्या थांब्यावर टेम्पो थांबू लागला. आत हिरवी कोळपी, त्यांच्यावर बसलेल्या बाया. शेडला आता दुसरं कटर आलं आहे. दिवाळी होऊन गेली, नागापूरचा विषय कुणी काढला नाही.

संस्थेच्या अहवालात 'स्थानिक रोजगारनिर्मिती' असं एक प्रकरण आहे म्हणतात. त्यात शमशेरचं नाव नाही. पण प्रकरण खोटं आहे असंही म्हणता येत नाही.